काच धुरकटली तेव्हा

“काच साफ करायला किती वेळ लागतो, साहेब? थापा मारतेय ती बाई,” क्रेन चालवणारा बाप म्हणाला.

फौजदारांनी जबाबाचा कागद मिटला. पोलीस ठाण्यामागच्या आवारात ती पांढरी गाडी महिनाभर उभी होती. पुढचा पत्रा चेपलेला, बाकी धडधाकट. तिच्याखाली त्याची कॉलेजला जाणारी लेक गेली होती. गाडी चालवत होती एक शिक्षिका. सकाळी काच आतून धुरकटली, गरम हवा सुरू करायला स्क्रीनकडे पाहिलं, मान वर केली तर मुलगी पुढ्यात. महिनाभर ती एवढंच सांगत होती.

“सव्वीस वर्षं क्रेन चालवतोय. डोळे कायम ओझ्यावर. एकदा ढळले नाहीत.”

“तुमच्या क्रेनला दांडे आहेत, काका. हात आपसूक जातो. या गाडीला एक बटण नाही, सगळं स्क्रीनवर.”

“किल्ली द्या. दाखवतोच तुम्हाला.”

पंचनामा कधीच उरकला होता. फौजदारांनी किल्ली दिली आणि ते शेजारच्या सीटवर बसले. त्याची बायको लांब फाटकाशीच थांबली होती. तिला ती गाडी बघायची नव्हती.

स्क्रीन उजळली. पंख्याचं चित्र दिसलं, ते त्याने दाबलं. भलतंच पान उघडलं, सीट गरम करायचं. आधीच्या पानावर यायला गेला तर गाणं लागलं. ते बंद करताना नकाशा आला. सगळं गुळगुळीत, बोटाला काही लागेना. तो चिडला. पुढे वाकला, चष्मा नाकावर सारून एकेक चित्र निरखू लागला. शेवटी काचेचं चित्र सापडलं. हवा घोंगावली.

“हे बघा, झालं ना?” म्हणत त्याने मान वर केली.

गाडीपुढे बायको उभी होती. चेपलेल्या पत्र्यावर तिने तळहात टेकला होता.

त्याने स्टिअरिंग गच्च धरलं. गाडी जागची हलली नव्हती, तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला होता. मग त्याने दार उघडलं.

“कधी आलीस तू?”

“तिथे एकटीला उभं राहवेना,” ती म्हणाली. “दोनदा हाक मारली तुम्हाला. समोरूनच तर चालत आले, अहो.”