वरवंटा क्रमांक एकशे बारा

वरवंटा नव्हता. पाटा होता, त्यावर एकशे बाराची चिठ्ठी होती आणि वरवंट्याच्या जागी धुळीत तेवढाच एक स्वच्छ पट्टा होता.

चार वाजता वैद्यनाथ सर तपासणीला यायचे होते. संग्रहालयाच्या सगळ्या नोंदी वरलक्ष्मीकडे. नोंदवहीत एक खाडाखोड तिला खपत नसे. सकाळपासून ती पळत होती. उडालेला दिवा बदलून झाला, पापनाशमच्या शाळेची साठ पोरं रांगेत लावून झाली. मधूनमधून वरवंटा. अडगळ पाहिली, जिन्याखाली पाहिलं, बागेतली कुंडीसुद्धा उचलून पाहिली. पाळण्याच्या दालनातून मात्र ती नेहमीसारखी मान खाली घालून झरझर निघून गेली.

दालनांची राखण भागीरथीकडे. रोजावरची बाई.

"भागीरथी, वस्तू हरवली म्हणून लिहिलं की खाली तुझं नाव येतं. उद्यापासून काम नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, अक्का."

"मग बोल की! तोंडात विडा धरलायस काय?"

भागीरथी पदराचं टोक पिळत राहिली.

साडेतीन वाजले. वरलक्ष्मीनं कोरा कागद ओढला. तेवढ्यात पलीकडे पोरांचा गलका झाला, आणि पाठोपाठ लाकडावर जड काही आपटल्याचा धप्प असा आवाज.

पाळणा झुलत होता. साखळ्यांतले पितळी राघू किणकिणत होते. वरलक्ष्मीनं पोरांना बाहेर काढलं, हातानं पाळणा थांबवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यात वाकून पाहिलं. आत रेशमी खणात गुंडाळलेला, गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेला वरवंटा निजला होता.

"तू ठेवलास?" तिनं दारात आलेल्या भागीरथीला विचारलं.

"पोरं ऐकतात कुठं, अक्का! येतात ती हलवतातच. रिकामा पाळणा हलवू नये. ज्या घरचा, त्या घरच्या बाईच्या कुशीला लागतं. बारशाला बाळाच्या आधी वरवंटाच निजवतात ना? म्हटलं, बाळ येईतो हा असू दे."

"आणि सकाळपासून गप्प? अगं, काम गेलं असतं तुझं!"

"गेलं असतं," भागीरथी खाली बघत म्हणाली. "पण तुम्हालाच कसं सांगू?"

बाहेर गाडीचं दार वाजलं. वरलक्ष्मीनं नोंदवही उघडली. एकशे बारासमोर, जागेच्या रकान्यात, लिहिलं: पाळण्यात.

मग तिनं दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. पाळण्याची ओळ सापडली. देणारीचं नाव, वरलक्ष्मी सेतुमाधव. अक्षरही तिचंच. देण्याचं कारण: घरी उपयोग नाही.

त्या तीन शब्दांवर तिनं सावकाश रेघ ओढली.