हँडलखालची रेघ

सहाव्यांदा ओढलेली रेघही सरळच आली, तसा गाडीमालकांनी कपाळाला हात लावला.

"अहो रेघकाका, सरळ कोणाला हवीय? मूळ होती तश्शी हवी!"

रेघकाका म्हणजे वर्कशॉपमधले एकाहत्तर वर्षांचे रंगारी. गाडीच्या दारावर हातानं बारीक रेघ ओढावी ती त्यांनीच, म्हणून नाव पडलं रेघकाका, आणि खरं नाव बिचारं कागदोपत्रीच राहिलं. त्रेचाळीस वर्षांपूर्वी, कारखान्यात, याच गाडीच्या याच उजव्या दारावर त्यांनीच रेघ ओढली होती. मालक शोधत शोधत इथवर आले ते त्यासाठीच. दार अस्सल, हिरवी छटा अस्सल, आणि हातही अस्सल. आणखी काय पाहिजे?

पाहिजे होती ती वाकडी रेघ. जुना रंग खरवडण्याआधी मालकांनी ट्रेसिंग पेपर लावून ती उतरवून घेतली होती. हँडलखाली ती दोन सूत खाली घसरत होती, थरथरत होती आणि पुन्हा वर येत होती. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक मूळ फोटोशी ताडून बघणार. चौथ्या खेपेला काकांनी मुद्दाम हात हलवून पाहिला, तर रेघ दारुड्यासारखी झोकांड्या खात गेली. खोटं ते खोटंच दिसतं.

"पण तेव्हा एवढा हात हलला कशानं?" मालकांनी विचारलं.

काका ब्रश धूत राहिले. बोलला त्यांचा मुलगा. वर्कशॉप आता तोच बघायचा, आणि मालकांच्या अशा आणखी तीन गाड्यांचं काम त्याला मिळायचं होतं.

"त्या दिवशी ताई गेली ना. माझी थोरली बहीण, चार वर्षांची. मी तेव्हा नव्हतोच. तिला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला, पण मुकादमानं बाबांना सोडलंच नाही. दार पुरं कर, मग जा म्हणाला. बाबा पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं." गाडीचं मायलेज सांगावं तशा सुरात त्यानं हे सांगितलं.

"अरेरे!" मालक हळहळले. मग त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे ही रेघ लाखमोलाची झाली की हो!"

त्या मुकादमाला काकांनी जन्मभर शिव्याशाप दिले होते. तो मेल्याचं कळलं त्या दिवशी ते दोन घास जास्तच जेवले होते. हे दार पुन्हा हाताखाली आलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, एवढी एक रेघ सरळ करू, मग डोळे मिटले तरी चालतील.

"एकदा सरळ राहू द्या ना साहेब," ते म्हणाले. "पोरीच्या नावानं."

"भावना समजते हो काका. पण अस्सल ते अस्सल."

मालक मुलाला घेऊन बाहेर गेले. फाटकाशी दोघांचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. काकांनी सहावी रेघ बोळ्यानं पुसली, ब्रश रंगात बुडवला आणि दाराच्या पुढच्या कडेला टेकवला. हँडल अजून वीतभर लांब होतं, तेवढ्यात मुलगा धावत आत आला. हातात फोन, धापा टाकत.

"बाबा! आई पडली घरात. शुद्धच नाहीये. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलंय. निघा, लगेच निघा!"

काकांनी मान फाटकाकडे वळवली. पण ब्रश दारावर होता. रेघ मध्येच सोडली की सांधा दिसतो, आणि सांधा दिसला की सगळं पुसून पहिल्यापासून. हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

"आलोच," ते म्हणाले. "एवढं दार पुरं करतो."

हात पुढे सरकला. हँडलखाली घसरला, थरथरला, वर आला आणि मागच्या कडेपर्यंत गेला. मग ब्रश तिथंच टाकून ते अनवाणी फाटकाकडे धावले.

फाटकात मालक उभे होते. हसत.

"थांबा काका, थांबा! काकू ठणठणीत आहेत. घरीच आहेत."

"साहेबांनी सुचवलं बाबा," मुलगा खाली मान घालून म्हणाला. "दुसरा काही उपाय उरला नव्हता."

मालक केव्हाच दाराशी पोचले होते. ओल्या रंगाला धक्का न लावता त्यांनी ट्रेसिंग पेपर बोटभर अंतरावर धरला. घसरण तीच, थरथर तीच. "वा! केसाचा फरक नाही!"

मुलाला वाटलं, आता बाबा कानाखाली वाजवणार. त्यानं गाल पुढे केल्यासारखाच केला. पण काका दाराशी आले आणि रेघेकडे बघत उभे राहिले.

"तू मला काय म्हणालास रे?"

"चुकलं बाबा. पण..."

"ते नाही विचारत. दार पुरं करा म्हणालास?"

"छे! मी तर लगेच निघा म्हणालो."

"मग मला अडवलं कोणी?"

मालकांनी फोन काढून दारावर रोखला.

"काका, जरा बाजूला सरका ना," ते म्हणाले. "रेघेवर तुमची सावली पडतेय."