बुरख्याआडचे मतदार

नागरिक नसलेल्यांना मत असावं का, यावर तिकडं दिल्लीत संसदेत वाद पेटला अन् इकडं वाटूरला सरपंच काकासाहेबांनी अर्ज देऊन सरदारबीचं नाव मतदार यादीतून उडवलं. जन्म कराचीचा, मंग पस्तीस वर्षं इथं नांदली तरी बाई परकीच, म्हणे!

मतदानाच्या दिवशी शाळेत बुरखेवाल्या बायांची रांग खोळंबली. यातली अकबरबी कोण अन् सकीना कोण, मतदान केंद्रावरच्या साहेबाला कळंना. शेवटी काकासाहेबच सरदारबीच्या दारात आले.

"भाभी, जल्दी चला. रांगेतल्या त्या समद्यांना तुमच्याबिगर कोणी वळखत न्हाई."

सरदारबी गेली अन् साहेबाशेजारी खुर्ची ओढून ऐटीत बसली अन् म्हणाली,



"आधी कागदावर लिहा, साहेब. या गावात मतदार कोण अन् कोण न्हाई, ते सरदारबी सांगती!"