सरांची लाडकी खुर्ची
साखरेचा दाणा समुद्रात टाका, अणू मोजणारं हे यंत्र हुडकून काढील, असं तिखट त्याचं नाक. पण महिनाभर कोऱ्या नमुन्यात, म्हणजे काहीच नसायला हवं तिथेही, त्याला किरणोत्सारी अणू सापडत होते. शुक्रवारपर्यंत शून्य आलं नाही, तर सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या पोरीचं चार वर्षांचं संशोधन केरात. तिने टेबलं, कपाटं पुसून एकेक बोळा यंत्राला भरवला. चोर सापडला: सरांनी किरणोत्सारी द्रव्यं हाताळणाऱ्या जुन्या प्रयोगशाळेतून आणलेली लाडकी खुर्ची! "अगं, तीस वर्षं बसलोय हिच्यावर," म्हणत सरांनी ती बाहेर नेली. तरी दोन अणू उरलेच. पोरगी चाचरली, "सर, रागावू नका... तुमची पँट?" शुक्रवारी बागेतल्या माळीदादांकडून उसन्या आणलेल्या ढगळ पायजम्यात सर यंत्रापुढे उभे राहिले. आकडा आला. पोरीने आईला फोन लावला, "आई, मला शून्य मिळालं!" "मग हसतेस काय?" "सर नाचताहेत, पायजमा धरून!"