मुदतवाढ

“सर, ट्रायलला अजून मुदतवाढ मिळाली,” शबनम म्हणाली. “तुम्ही रोज वाचता ना, म्हणून.”

रावसाहेबांनी समाधानाने खुर्ची पुढे ओढली. नारायण पेठेतल्या त्या छोट्या वाचनालयात इतिहास आणि धर्मावरच्या ऑनलाइन संग्रहांची मोफत ट्रायल उन्हाळ्यात सुरू झाली, तेव्हा ग्रंथपाल शबनमनेच त्यांना सांगितलं होतं, की वापर दिसला तर कमिटी वर्गणी भरेल. नाहीतर वाचनालयाला टाळं लावून तिला घरी बसवेल.

रावसाहेब निवृत्त इतिहासशिक्षक. मोतीबिंदूमुळे पडद्यावरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसत. तरी तिची नोकरी टिकावी म्हणून ते रोज येत, पानांमागून पानं उघडत आणि गंभीरपणे मान डोलवत. ऑपरेशनसुद्धा त्यांनी पुढे ढकललं होतं. खाडा झाला आणि वापराचा आकडा पडला तर?

गणपतीनंतर बाकीचे वाचक फिरकेनासे झाले. पुणेकरांना फुकटचंही वाचवत नाही, असं पुटपुटत रावसाहेब आणखी पानं उघडू लागले. हल्ली पानंही तीच तीच वाटत. दोष ते डोळ्यांना देत.

“ही मंडई बघा,” शबनम जुना फोटो मोठा करून दाखवी.

“इथंच आमची ही कोथिंबिरीसाठी घासाघीस करायची. मी पिशवी धरून लांब उभा, ओळख नसल्यासारखा!”

“माझे आजोबा याच रस्त्यानं मोहरमचा ताबूत न्यायचे. मी त्यांच्या खांद्यावर.”

तिच्या थर्मासमधला चहा संपेस्तोवर दोघं त्या जुन्या पुण्यात फिरून येत. बायको गेल्यापासून रावसाहेब इतकं कुणाशीच बोलले नव्हते. हे दिवस संपू नयेत, असं त्यांना फार वाटे.

एका सकाळी ते जरा लवकरच पोहोचले. दाराला कुलूप. रखवालदार गेनबा अंगण झाडत होता.

“मॅडम आल्या नाहीत अजून?”

“येत्याल की. वारज्याची बस, तिचा काय भरवसा हाय?”

रावसाहेबांनी आवाज खाली आणला. “उशिराचं कमिटीच्या कानावर घालू नका हं. बाईंची नोकरी जाईल.”

गेनबाचा झाडू थांबला.

“नोकरी तर गणपतीतच गेली, सर. वाचनालय, ती तुमची ट्रायल, समदं तवाच बंद झालं. मॅडम रोज माझ्याकडनं चावी घेत्यात, आधी उतरवून ठेवलेली जुनीच पानं लावून ठेवत्यात. म्हणत्यात, सरांना घराबाहेर पडायला एवढंच निमित्त उरलंय.”