लेकाचा कोट

सुनेचा फोन आला तेव्हा मास्तर आणि त्यांची बायको वकिलांच्या कोटावर काम करत होती. म्हातारे वकील आदल्या दिवशी गेले होते आणि त्यांना नव्या कोटात न्यायचं असं घरच्यांनी ठरवलं होतं. असल्या कोटाची रीत मास्तरांच्या दुकानात वेगळी होती. पाठीची शिवण मानेपासून खालपर्यंत उघडी ठेवायची, म्हणजे घालायला सोपं. पुढे काजं करायचीच नाहीत. दोन्ही पदर एकावर एक ठेवून बटणं आरपार शिवून टाकायची.

"कायमचा बंद," मास्तर म्हणाले. "आता कोण काढतंय?"

"तुमच्या जिभेला काही हाड?" बायकोने दोरा दाताने तोडला.

दुकानात आवाज नीट येत नसे. मास्तर फोन घेऊन बाहेर गेले.

"बाबा, हे गेले," सून म्हणाली. "कामावर जाताना गाडीने उडवलं. तुम्ही येईपर्यंत दवाखान्यात ठेवतील. पण या लवकर."

मास्तर आत आले तेव्हा बायको सुईत दोरा ओवत होती.

"कोण होतं?"

"सून. मुलाखत कधी आहे विचारत होती."

"परवाच तर सांगितली तिला," ती म्हणाली आणि दोऱ्याला गाठ मारली.

मुलाखत सोमवारी होती. परदेशी लेकाकडे चार दिवस राहून यावं म्हणून दोघांनी कधीच व्हिसाचा अर्ज केला होता. बायकोचं हृदय अशक्त. धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एजंटाचं वेगळंच. "खिडकीसमोर डोळ्यांत पाणी आणू नका. परत येणार नाहीत असं वाटतं त्यांना." मास्तरांनी ठरवलं, तिथे उतरल्यावरच सांगायचं. जवळ सून असेल, दवाखाना असेल. निदान लेकाचं तोंड तरी दिसेल तिला.

लेकासाठी बेतलेला जाड कोट टेबलावर पडून होता. तो बाजूला ठेवला असता तर तिने विचारलं असतं. मास्तर शिवत राहिले. बाह्या जोडल्या, अस्तर लावलं, पाठीची शिवण दोनदा मारली. मग नेहमीप्रमाणे कोट काजं-बटणांसाठी तिच्याकडे सरकवला.

दुपारी दुकान बंद करून दोघं मुलाखतीच्या तयारीला बसायची. मास्तर टेबलामागे साहेब होऊन बसत. ती समोर उभी राही, गळ्यात टेप तशीच.

"कशाला जाताय?"

"लेकाला बघायला."

"भेटायला म्हण."

"तेच ते."

"विमानतळावर घ्यायला कोण येणार?"

"सून."

"मुलगा म्हण गं."

"त्याला कुठली सवड?"

मास्तरांनी टेबलावरची कात्री उगाच इकडची तिकडे केली.

"परत येणार का?"

"येणार. तिथे राहून काय करू?"

मास्तर उठून माठाकडे गेले.

"साहेबांना फार तहान लागते," ती म्हणाली. "आणि अहो, दोन घास खाऊन घ्या. साहेबाला इतकं काय भ्यायचं?"

सोमवारी काचेमागे एक तरुण बाई होती. शेजारच्या दुभाष्याने प्रश्न सांगितले. सगळी उत्तरं बायकोनेच दिली, एका सुरात, न अडखळता.

"मुलासाठी काय नेताय?" बाईने शेवटी विचारलं.

"कोट. ह्यांनी शिवलाय."

बाई हसली आणि दोन्ही पासपोर्ट तिने ठेवून घेतले.

"मिळाला व्हिसा," बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. बायकोने त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या. वाटेत फुलांचं दुकान लागलं तशी ती क्षणभर थांबली, मग पुढे चालू लागली.

पासपोर्ट हातात आले त्या दिवशी ती बॅग भरायला बसली. स्वतःच्या दोन साड्या, औषधं, मास्तरांचे कपडे. लेकासाठी खाऊ नाही, काही नाही. मास्तरांना हायसं वाटलं.

"कोट तेवढा तुम्ही ठेवा," ती आत जाता जाता म्हणाली. "अगदी वर ठेवा. उतरल्या उतरल्या लागेल."

थंडी असेल तिथे, मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी कपाटातून कोट काढला आणि घडी घालायला पलंगावर पालथा पसरला. त्यांनी दोनदा मारलेली पाठीची शिवण मानेपासून खालपर्यंत उसवलेली होती. कापडाचा एकही धागा ओढला गेला नव्हता.

त्यांनी कोट उलटा केला. बटणं सगळी आरपार लावलेली होती. काज एकही केलेलं नव्हतं.