दर दोन सेकंदांनी

“लागली का रं यादी?” सगुणाबाईंनी सातव्यांदा विचारलं.

“मावशी, सारखं विचारून यादी लवकर लागते होय!” एहसान खेकसला, आणि लगेच ओशाळला. उत्रोलीहून आलेल्या सगुणाबाई सकाळी दहापासून त्याच्या दुकानात स्टुलाच्या कडेवर बसून होत्या. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. शेजारी त्यांची रत्ना, दाखल्यांची फाईल पोटाशी धरून.

कापूरहोळच्या फाट्यावर एहसानचं मोबाईल दुरुस्तीचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान. आज मात्र त्यानं अर्धं शटर ओढून घेतलं होतं. नर्सिंगच्या प्रवेशाची ही शेवटची फेरी. एकाच संस्थेची दोन कॉलेजं, एक पुण्यात, एक साताऱ्यात. यादी दुपारी एकला वेबसाईटवर लागणार आणि पाचच्या आत सगळे मूळ कागद घेऊन तिथं हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्याला. नाव पुण्याला निघतंय की साताऱ्याला, कुणाला ठाऊक! म्हणून तर मधोमध फाट्यावर बसायचं. टाकी फुल्ल करून मोटारसायकल दाराशी लावली होती.

आणि घड्याळात पावणेतीन झाले होते.

पंधरा दिवसांपूर्वीच्या फेरीत एहसानच रत्नाला म्हणाला होता, “तू निवांत घरी थांब. यादी लागली की माझी चाहूल सांगेल.” चाहूल म्हणजे त्यानं स्वतः बनवलेलं, ब्राउझरला जोडायचं छोटंसं एक्स्टेंशन. दर पाच मिनिटांनी ते वेबसाईटला जाऊन विचारायचं, नवीन काही आलंय का, आणि आलं की टिंग करायचं. त्या दिवशीही यादीला उशीरच झाला. तीनला टिंग झालं, रत्ना उत्रोलीहून धावत सुटली आणि पुण्याच्या गेटवर पोचली पाच वाजून चार मिनिटांनी. वॉचमननं आत घेतलं नाही. पोरगी गेटला धरून रडली म्हणे.

ती चार मिनिटं एहसानच्या जिवाला लागली. पाच-पाच मिनिटं थांबायचंच कशाला? पंधरा दिवस त्यानं दुकानाकडं धड पाहिलं नाही. सगळं कोड उलटंपालटं केलं, नको ते काढून टाकलं, आणि चाहूल दर दोन सेकंदांनी विचारायला लागली. संगणक तापत नाही, ब्राउझर अडत नाही. गडी स्वतःवरच खूश! भोर-वेल्ह्यापासून साताऱ्यापर्यंतच्या दोन हजार पोरापोरींकडं चाहूल आधीपासून होती. सगळ्यांना त्यानं नवी आवृत्ती धाडली. आता कुणाचं एक मिनिटसुद्धा वाया जाणार नव्हतं.

पण आज वेबसाईटच उघडेना. पडद्यावर गोल फिरतंय, फिरतंय, आणि मग नुसतं पांढरं पान. वेबसाईट क्षणभर उघडली आणि नेमकी तेव्हाच चाहूल चुकली तर? किती वेळानं विचारायचं तो आकडा त्याच्याकडूनच सगळ्यांच्या ब्राउझरला जाई. एहसाननं दोन खोडून एक केला.

तीन वाजले. तीन वाजून दहा. साताऱ्याला नाव असेल तर आत्ताच निघायला हवं होतं.

“दादा, कुठंतरी निघू या का?” रत्ना म्हणाली. निघणार तरी कुठं?

शेवटी एहसाननं संस्थेच्या ऑफिसला फोन लावला. एकवीस वेळा एंगेज. बाविसाव्या वेळी एक वैतागलेला माणूस बोलला.

“यादी? एक वाजल्यापासून तयार ठेवून बसलोय साहेब! पण चढवू देतंय कोण? सेकंदाला दोन हजार जण एकदम येऊन विचारतायत, लागली का, लागली का. त्या गर्दीत आमची वेबसाईट आम्हालाच आत घेईना. मागच्या फेरीलाही हाच ताप. तेव्हा दर पाच मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखे तुटून पडायचे. यादी निम्मी चढली की वेबसाईट पाडायचे. एकची यादी लागायला तीन वाजले!”

एहसाननं पडद्यावरच्या त्या एक आकड्याकडं पाहिलं. दर पाच मिनिटांनी. एकदम. दुसरं कोण असणार? पोरगी चार मिनिटांनी चुकली नव्हती. तिचे दोन तास त्यानं खाल्ले होते, आणि आज मोठ्या हौसेनं पुन्हा तेच चालवलं होतं.

फोन कानाशी तसाच ठेवून त्यानं चाहूल बंद केली. स्वतःची, आणि दोन हजार जणांचीही.

“आता बघा बरं,” तो कसाबसा म्हणाला.

“अरेच्चा!” पलीकडचा माणूस म्हणाला. “गेली की हो चढून!”

एहसाननं पोरांच्या ग्रुपवर एकच निरोप टाकला, यादी लागली. मग यादी उघडली. रत्ना किंचाळलीच. पुणे, एकोणिसावं नाव. तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. पुण्याला पोचायला वेळ होता, चांगला वेळ होता. पण शरमेनं एहसानला मायलेकींकडं बघवेना. सगळं सांगून टाकावं असं त्याला वाटलं, पण जीभ उचलेना. मान खाली घालून तो मोटारसायकलकडं निघाला.

सगुणाबाईंनी त्याला दारातच गाठलं. त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

“बाबा, तुजं ते यंत्र व्हतं म्हणून माज्या पोरीचं भलं झालं. आता त्याला कदी बंद पडू दिऊ नको!”